फोनची खिडकी आणि तिची जाळी

आपल्या घरात आलेल्या यंत्रांची गोष्ट आपण या कार्यक्रमात सांगत आलो आहोत. शिलाई मशीन झालं, घरघंटी झाली. आज मोबाइलची पाळी. मोबाइलवर बोलायचं तर दिवस पुरणार नाही, म्हणून आम्ही त्यातला एकच भाग धरला आहे. फोनमधून बाहेरचं जग दाखवणारी जी खिडकी असते, तिला ब्राउझर म्हणतात. आणि त्या खिडकीला आपल्या सोयीने जे जोड बसवता येतात, त्यांना ॲड-ऑन म्हणतात. शब्द इंग्रजी आहेत, त्याला इलाज नाही. गोष्ट मात्र आपल्या पैशाची आणि आपल्या कागदांची आहे.

ब्राउझर तुम्ही रोज वापरता, फक्त त्याचं नाव घेत नाही. सातबारा बघायचा, पोरीचा दहावीचा निकाल बघायचा, योजनेचा अर्ज भरायचा, तर ती पानं फोनमधल्या ज्या ॲपात उघडतात तो ब्राउझर. बहुतेकींच्या फोनवर तो क्रोम असतो. लाल, हिरवं, पिवळं गोल चिन्ह आणि मधे निळा ठिपका.

आधी फोन आपल्यापर्यंत कसा आला ते थोडक्यात. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. भारतातला तो पहिला मोबाइल कॉल. त्याच वर्षी मुंबईतही सेवा सुरू झाली. तेव्हा बोलायला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत, आणि समोरून आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जात. शेतात दिवसभर खुरपणाऱ्या बाईने तीन मिनिटं बोलायचं म्हटलं असतं, तर तिची दिवसाची मजुरी जाऊन वर उधारी झाली असती. त्यामुळे गावात त्या फोनचं कुणाला काहीच वाटलं नाही. गावात होतं ते पिवळ्या पाटीचं एसटीडी-पीसीओ. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून रांग रात्रीच लागायची. माहेरी फोन लावला की एक डोळा त्या लाल आकड्यांच्या मीटरवर. आणि पीसीओवाला शेजारीच बसलेला, म्हणजे सासरचं जे काही सांगायचं ते त्याच्यासमोरच सांगायचं. आमच्यातल्या वयाने मोठ्या बायका अजून म्हणतात की त्या काळी फोनवर सगळ्या जणी सुखीच असायच्या.

खरा बदल २००३ साली झाला. येणाऱ्या फोनचे पैसे लागणं बंद झालं. त्याच वर्षी पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरा आणि फोन न्या अशी योजना काढली. हप्ते पुढे होतेच, ते लोकांना नंतर कळले. नोकियाचा ११०० हा फोनही त्याच वर्षीचा. जगभरात पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला. त्याला वर बॅटरी होती, म्हणजे टॉर्च. भारनियमनाच्या त्या वर्षांत रात्री गोठ्यात जायला, चुलीपुढे भाकरी टाकायला ती टॉर्च कामाला आली. कित्येक घरांत बाईने फोन पहिल्यांदा हातात धरला तो बोलायला नव्हे, उजेडाला.

आणि मिस्ड कॉल! एक रिंग दिली की पोहोचले. दोन दिल्या की स्टँडवर घ्यायला या. हे कुठल्या कंपनीने शिकवलं नाही. फोन करायला पैसे नाहीत आणि निरोप तर द्यायचा आहे, यातून लोकांनी ती भाषा स्वतः बनवली. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीतही असंच झालं.

आता खिडकीकडे येऊ. त्या बटणांच्या फोनमध्येही इंटरनेट होतं, पण ते केबीच्या हिशोबाने विकलं जायचं. दहा केबीला दहा पैसे असा दर बऱ्याच कंपन्यांचा असे. ऐकायला स्वस्त वाटतं. पण एक साधं चित्रांचं पान पाचशे केबीचं धरलं तरी ते बघायला पाच रुपये. दहाचा रिचार्ज दोन पानांत संपला. आणि पान यायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात चहा उकळून व्हायचा.

यावर तोड काढली नॉर्वेच्या ओपेरा कंपनीने. ओपेरा मिनी नावाचा ब्राउझर त्यांनी २००५ मध्ये आधी आपल्या देशात आणला आणि २००६ च्या जानेवारीत सगळ्या जगाला दिला. त्याची युक्ती समजायला सोपी आहे. आपण पान मागितलं की ते थेट आपल्या फोनवर यायचं नाही. ते आधी कंपनीच्या मोठ्या संगणकावर जायचं, तिथे त्याला पिळून, दाबून, चित्रं बारीक करून हलकं केलं जायचं आणि मग फोनवर यायचं. वजन नव्वद टक्क्यांपर्यंत कमी होतं असं कंपनी सांगायची. म्हणजे पाच रुपयांचं पान पन्नास पैशांत. कॉलेजातली पोरं त्यावर निकाल बघायची, नोकरीच्या जाहिराती बघायची. आमच्यापैकी काही जणींनी बी. ए.चा निकाल असाच, चुलतभावाच्या फोनवर, ओपेरा मिनीतून पाहिला.

मराठीचा प्रश्न मात्र राहिला होता. मराठीचं पान उघडलं की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे. त्या फोनमध्ये देवनागरी अक्षरंच भरलेली नसायची. आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, जोडाक्षर मोडून एक करायचं, हे त्या छोट्या फोनला जमायचं नाही. तेव्हा एक युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत होती. ओपेरा मिनीत जिथे पत्ता टाकतो तिथे इंग्रजीत ओपेरा लिहायचं, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग कॉन्फिग. की एक लपलेलं पान उघडायचं. त्यात एक ओळ होती, तिचा अर्थ असा की किचकट लिप्यांसाठी चित्राची अक्षरं वापरायची का? तिथे ‘हो’ करायचं. बस, चौकोन गेले आणि मराठी दिसायला लागली. कंपनीचा संगणक तिकडेच मराठी अक्षरांची चित्रं काढून पाठवायचा. त्याने पान जरा जड व्हायचं, थोडे पैसे जास्त जायचे, पण वाचता यायचं. आपल्या लिपीला तिथे किचकट म्हटलं होतं, ते सोडून द्या.

ही युक्ती आम्हाला महत्त्वाची वाटते. खिडकी जशी मिळाली तशी न वापरता आपल्या गरजेप्रमाणे फिरवून घेता येते, हे फोनवर अनेक मराठी वाचकांना पहिल्यांदा त्यातून कळलं. आणि ॲड-ऑनचं मूळही तिथेच आहे.

ॲड-ऑन म्हणजे काय? घरघंटीची आठवण करा. यंत्र एकच, मोटर तीच. बेसनाला वेगळी जाळी, भरड्याला वेगळी, भाकरीच्या पिठाला वेगळी. जाळी बदलली की त्याच यंत्रातून वेगळं पीठ पडतं. कंपनीने एकच जाळी पक्की बसवून दिली असती तर? भरडा काढायला दुसरीकडे पळावं लागलं असतं. ॲड-ऑन ही ब्राउझरची जाळी. कुणी जाहिराती अडवणारी बसवतं, कुणी पांढरं पान काळं करणारी, म्हणजे रात्री डोळ्यांना त्रास होत नाही. कुणी परक्या भाषेचं पान आपल्या भाषेत आणणारी.

संगणकावर ही सोय जुनी आहे. मोझिला ही अमेरिकेतली ना-नफा संस्था. तिने ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स नावाचा ब्राउझर काढला. ब्राउझर आटोपशीर ठेवायचा आणि ज्याला जे हवं ते त्याने वरून जोडावं, असं त्यांचं धोरण होतं. जाहिराती अडवणारा पहिला नावाजलेला जोड त्याच्याही आधी, २००२ मध्ये, डेन्मार्कमधल्या एका विद्यार्थ्याने या ब्राउझरच्या कच्च्या रूपासाठी लिहिला होता. आज जो सगळ्यात चांगला समजला जातो, तो यूब्लॉक ओरिजिन, रेमंड हिल या माणसाने २०१४ मध्ये सुरू केला. तो त्याचे पैसे घेत नाही, देणगीसुद्धा घेत नाही. कोणत्या पत्त्यावरून जाहिराती येतात याच्या लांबच लांब याद्या असतात, त्या जगभरचे लोक स्वयंसेवेने सांभाळतात. आपल्याकडे बंधाऱ्याच्या श्रमदानाला लोक येतात, तशातलाच तो प्रकार.

तो काम कसा करतो तेही ऐका. आपण एक बातमी उघडतो तेव्हा ते पान एकटं येत नाही. ते उघडताच दहा-वीस दुसऱ्या पत्त्यांना हाक मारतं. एकाकडून जाहिरात आण, दुसऱ्याकडून व्हिडिओ आण, तिसऱ्याला सांग की या फोनवर कोण काय वाचतंय. आणि या सगळ्याचा डेटा आपल्या पॅकमधून जातो. हा जोड त्या हाका यादीशी पडताळतो आणि नको त्या दारातच थांबवतो. पान लवकर उघडतं आणि पॅकही वाचतो.

मग फोनवर ही जाळी कधी आली? इथे आम्हाला थोडं चिडून बोलावंसं वाटतं. २०१० च्या जानेवारीत फायरफॉक्स फोनवर आला, जोडांच्या सोयीसह. पण तो नोकियाच्या एका महागड्या फोनपुरता होता. २०११ मध्ये तो अँड्रॉइड फोनवर आला. गूगलच्या क्रोमने संगणकावर २०१० पासून जोड चालू केले. २०१२ मध्ये क्रोम फोनवर आला, तेव्हा मात्र ती सोय त्यात नव्हती. आज इतक्या वर्षांनीही आपल्या साध्या फोनवरच्या क्रोमला जोड बसवता येत नाहीत. गूगलच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जाहिरातींतून येतो, हे आपण जाणतोच. त्यामुळेच सोय दिली नाही का, हे आम्ही ठामपणे म्हणणार नाही. पण ज्याच्या घरी टेबलावर संगणक आहे त्याला जाळी मिळाली, आणि जिच्याकडे आहे तो फक्त फोन, तिला बंद यंत्र मिळालं, हे तर डोळ्यांपुढे आहे. आपल्या बायका तर संगणक न बघता सरळ फोनवरच आल्या. पानावर नाचणाऱ्या जाहिराती हा पानाचाच भाग आहे, त्या काढता येतात, हे त्यांना सांगणार कोण?

मधे काही वर्षं एका चिनी ब्राउझरची चलती होती. यूसी ब्राउझर. खारीचं चिन्ह होतं त्याला. पान हलकं करणं, गाणी आणि व्हिडिओ भराभर उतरवणं आणि जाहिराती अडवण्याची सोय आतच बसवलेली. स्वस्त फोन आणि मंद नेट असलेल्या लोकांना ते नेमकं हवं होतं. २०१६ च्या सुमारास भारतातल्या मोबाइलवर तो आघाडीवर होता. पण २०१५ मध्येच कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने दाखवून दिलं होतं की लोक त्यात काय शोधतात ते नीट न झाकता पाठवलं जातं, वाटेत कुणीही वाचावं असं. ही बातमी इंग्रजीत राहिली, गावापर्यंत आली नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात यूसीही गेला. लोक परत क्रोमवर आले, म्हणजे परत जाळी नसलेल्या यंत्रावर.

जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं, ते सांगायला नको, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. महिन्याला एक जीबी पुरवून वापरणारी घरं दिवसाला एक जीबी वापरायला लागली. २०१७ मध्ये दीड हजार रुपये अनामत घेऊन जिओफोन आला. गंमत अशी की त्या फोनच्या आत जी कायओएस नावाची प्रणाली होती, ती मोझिलाने सुरू करून सोडून दिलेल्या फोनप्रणालीतून निघालेली होती. म्हणजे जाळी बदलू देणाऱ्यांच्या घरातला वारस. पण जिओफोनच्या छोट्या ब्राउझरला जाळीची सोय नव्हती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय आणली. आमच्या कामात याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडला नाही. ज्या ताईंना सही कशीबशी जमते, त्या कीबोर्डवरचा माइक दाबून ‘शेळीला अपचन झालं तर काय करावं’ असं बोलतात आणि उत्तर शोधतात. त्या वर्षांत गूगल आणि टाटा ट्रस्टच्या इंटरनेट साथी कार्यक्रमातल्या बायकाही गावागावांत फोन शिकवत होत्या. तरी एकूण चित्र काय आहे? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं की स्वतः वापरतो असा फोन आपल्याकडे आहे. इंटरनेट कधी ना कधी वापरलंय असं सांगणाऱ्या ग्रामीण बायका साधारण २५ टक्के, आणि ग्रामीण पुरुष ४९ टक्के. म्हणजे पुरुषांच्या निम्म्याच. तेव्हापासून आकडे वाढले असतील, पण सुरुवात एवढ्या मागून झाली.

आता सातबाऱ्याचं बघू, कारण त्यातच जाळीचा उपयोग सगळ्यात चांगला कळतो. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्यावर आपलं नाव लागलं का, हे बाईला तलाठी कार्यालयात न जाता, भावाला न विचारता बघता येतं. वारसनोंदीत बहिणींची नावं लागली की कमी झाली, तेही दिसतं. पण फोनवर ‘सातबारा’ बोलून शोधलं की वर काय येतं? कधी जाहिरात म्हणून पैसे देऊन वर आलेली पानं. कधी सरकारी पानासारखे रंग लावलेली खाजगी पानं. त्यात मोठं हिरवं बटण, ‘डाउनलोड’ असं लिहिलेलं, आणि ते असतं भलत्याच ॲपचं. मधेच पडदा येतो, तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, लगेच इथे दाबा. एखादं पान विचारतं, सूचना पाठवू का? घाईत ‘अलाऊ’ दाबलं की दिवसभर लॉटरी आणि कर्जाचे संदेश येत राहतात. अक्षरओळख जेमतेम असलेल्या बाईला खरं बटण कोणतं आणि जाहिरातीचं कोणतं, हे ओळखणं अवघडच. शिकलेल्यांनाही जमत नाही, खोटं कशाला बोला.

जाहिराती अडवणारा जोड असला की यातलं बरंचसं दिसतच नाही. व्हायरसची भीती घालणारा पडदा, खोटी बटणं, शोधाच्या वरची पैसे देऊन लावलेली पानं, बहुतेक गळून जातात. उरलेलं आपण बघायचं. सरकारी पानाच्या पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असतं, हे पाठच करून ठेवा. लाडकी बहीणची ई-केवायसी असो की सातबारा, आधी ते शेपूट बघायचं.

बसवायचं कसं, तर अँड्रॉइड फोनच्या प्ले स्टोअरमधून फायरफॉक्स घ्यायचा, फुकट आहे. त्याच्या मेनूत एक्स्टेन्शन किंवा ॲड-ऑन अशी ओळ असते, त्यात यूब्लॉक ओरिजिन निवडायचा. पूर्ण नाव बघा, नुसतं यूब्लॉक नावाचंही एक आहे, ते वेगळं. यालाही मधे ग्रहण लागलं होतं. २०२० मध्ये फायरफॉक्सने फोनचा ब्राउझर नव्याने बांधला आणि जोड मोजकेच ठेवले. लोकांनी फार कुरकुर केली. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये दार पुन्हा सगळ्यांना उघडलं आणि चारशेंहून जास्त जोड एकदम फोनवर आले. आयफोनवरही २०२१ पासून सफारीला जोड लागतात, पण आपल्या गटांत आयफोन कुणाकडे आहे?

एक सांगून ठेवतो. यूट्यूबच्या ॲपमधल्या जाहिराती याने जात नाहीत. ओटीपी मागणाऱ्याचा फोनही याने थांबत नाही. तिथे आपलीच जीभ आवरायची, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा. कधी कधी एखादं पान जोडामुळे अर्धवट उघडतं. तेव्हा त्या जोडाच्या चिन्हात मोठं बंद-चालूचं बटण असतं, तेवढ्या पानापुरतं बंद करायचं. आणि ज्या वर्तमानपत्राची पानं आपण फुकट वाचतो, ते जाहिरातींवर चालतं, हेही खरं. आवडत्या पानाला जोड बंद ठेवायला हरकत नाही. ते आपण ठरवायचं.

आता यातली काळी बाजू. जाळीतून घरातलं सगळं पीठ जातं. जोड बसवताना फोन विचारतो, सर्व वेबसाइटवरची तुमची माहिती याला बघू द्यायची का? आपण ‘हो’ म्हणतो, म्हणजे आपण जे जे पान उघडू ते त्याला दिसणार. घरात पगारी माणूस ठेवावा तसं आहे हे. कामाचा, पण सगळं बघणारा. वेब ऑफ ट्रस्ट नावाचा एक जोड होता. कोणतं पान विश्वासाचं, कोणतं नाही, हे तो हिरव्या-लाल खुणेने सांगायचा. लाखो लोक त्यावर भरवसा ठेवून होते. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीच्या एनडीआर या प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी उघड केलं की वापरणारे कोणती पानं बघतात ती माहिती बाहेर विकली जात होती, आणि त्यातून माणसं ओळखता येत होती. विश्वास तपासणाराच असा निघाला. फायरफॉक्स आणि क्रोम दोघांच्याही यादीतून तो तेव्हा गेला.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर नावाचा जोड २०१० मध्ये एका नागरी हक्क संस्थेने काढला होता. पान आणि फोन यांच्यातलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येऊ नये, म्हणून तो पानाची बंदिस्त वाट निवडायचा. पुढे ती सोय सगळ्या मोठ्या ब्राउझरांनी आतच घेतली आणि २०२३ मध्ये संस्थेने तो जोड स्वतः बंद केला. काम संपलं, निघाला.

म्हणून आमच्या बैठकांत जोड बसवायचा तर एक किंवा दोनच. फायरफॉक्सच्या यादीत ज्याच्यापुढे शिफारस केल्याची खूण आहे तोच. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक दाबून नाही. आणि वापरात नसेल तो काढून टाकायचा.

एवढं शिकवून झालं की दर बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, आणि तो यंत्राचा नसतो. फोन कुठे माझा आहे? २०१५ मध्ये नाबार्डने ई-शक्ती नावाने गटांच्या नोंदी संगणकावर आणायला सुरुवात केली. पहिल्या दोन जिल्ह्यांत झारखंडचं रामगढ आणि आपलं धुळे होतं. सभासदाच्या मोबाइलवर तिच्या बचतीचा संदेश जायचा, अशी सोय त्यात होती. कागदावर चांगलंच. पण गटाच्या वहीत बायकांच्या नावापुढे नंबर कुणाचे असतात, हे आम्ही रोज बघतो. नवऱ्याचा, पोराचा, एखादीच्या पुढे दिराचा. मग बाईने किती साठवले हे तिच्याआधी कुणाला कळणार?

ब्राउझरचंही तसंच. अंगावरून पांढरं जातं त्याबद्दल शोधलं, घरातल्या मारहाणीच्या कायद्याबद्दल शोधलं, तर तो शब्द फोनमध्ये राहतो आणि पुढचा माणूस अक्षर टाकायला लागला की खाली उमटतो. त्यासाठी खाजगी टॅब वापरा. क्रोममध्ये त्याला इन्कॉग्निटो म्हणतात, टोपी आणि चष्म्याचं चिन्ह. टॅब बंद केला की फोनमध्ये खूण राहत नाही. नेटवर्कच्या कंपनीपासून तो लपवत नाही, घरातल्यांपासून लपवतो. बऱ्याच जणींना तेवढंच हवं असतं. मागे एका ताईंनी विचारलं, नवऱ्याच्या फोनवर मी ही जाळी बसवली तर चालेल का? बसल्या बसल्या दुसरीने उत्तर दिलं, बसव की, त्याचाही पॅक वाचेल, काही म्हणायचा नाही. सगळ्या हसल्या. मग तिसरी म्हणाली, पॅक वाचेल गं, पण फोन मागून घ्यायचं तर राहिलंच ना.

आमच्या काही गटांत गेल्या वर्षापासून अंतर्गत कर्जाच्या वहीत कारणाच्या रकान्यात बियाणं, दवाखाना, शाळेची फी यांच्याखाली एक नवं कारण दिसायला लागलं आहे. ‘स्वतःचा फोन’. हप्ता दरमहा, बैठकीतच. आणि फोन घेतला की पहिल्या दिवशी वहीतला जुना नंबर खोडून नवा लिहायचा, असं त्यांनीच ठरवलंय.